रुंद चाक, अरुंद धाव

बैलगाडीच्या चाकाला बाहेरून जी लोखंडी पट्टी जडवलेली असते, तिला मराठीत 'धाव' म्हणतात. मोठा नामी शब्द आहे. धावतात ते बैल. पण रस्त्याशी गाठ पडते ती या पट्टीची, आणि झिजायचे तेही हिनेच. आजच्या शहरी मुलाला 'धाव' म्हटले की क्रिकेटचा फलक आठवतो, चाक आठवत नाही. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? धाव गेली आणि तिच्या जागी टायर आला. एरवी दिसेल त्या इंग्रजी शब्दाच्या खांद्यावर संस्कृतची शाल घालणाऱ्या आपण मंडळींनी टायरला मात्र आहे तसाच घरात घेतला.

धाव बसवणे हे एके काळी गावातले पाहण्यासारखे काम असे. सुताराने चाक घडवायचे आणि लोहाराने त्याचा घेर मापून त्याहून किंचित लहान अशी धाव करायची. लहान, बरे का! मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की लोखंड प्रसरण पावते, धावेचा घेर वाढतो, आणि चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवता येते. बसली रे बसली की वर पाण्याच्या घागरी. चर्रर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो, धाव आकसते, आणि आकसताना लाकडाचे सगळे सांधे अशी आवळून धरते की चाक एकजीव होऊन जाते.

दिवाळीच्या अंकात फराळाचे सोडून हे लोहारकाम कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. कारण सांगतो. दसऱ्याला मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ चढते, दिवाळीला बोनस हाती पडतो, आणि पाडवा-भाऊबीज उरकून घरोघरची मंडळी मोटारीत बसून गावी, देवाला नाहीतर समुद्रावर निघतात. मोटारीवर खर्च करण्याचे आणि मोटारीवर भरवसा टाकण्याचे दिवस नेमके एकच. आणि या दिवसांत आमच्या शहरातल्या तरुण मंडळींत मला एक फॅशन दिसू लागली आहे. तिचा या धावेशी जवळचा संबंध आहे.

फॅशन अशी. मोटारीची कारखान्यातून आलेली चाके काढून टाकायची आणि त्यांच्या जागी चांगली रुंद, चकचकीत अलॉयची चाके बसवायची. गाडी मग कशी पहिलवानासारखी छाती काढून उभी राहते. पण रुंद चाक मडगार्डच्या बाहेर डोकावू लागते. गाडी खड्ड्यात दबली, वळणावर कलली, मागे तीन माणसे बसली, की टायरचा खांदा मडगार्डच्या कडेला घासतो आणि 'खर्रर्र' असा आवाज येतो. यावर हौशी लोकांनी काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. चाक रुंदच ठेवायचे आणि त्यावर अरुंद टायर ताणून चढवायचा! टायरचे दोन्ही काठ चाकाच्या दोन टोकांना ओढले जातात, त्याच्या बाजूच्या भिंती उभ्या राहण्याऐवजी तंबूच्या कापडासारख्या आत कलतात, आणि टायरचा खांदा मडगार्डपासून दूर सरकतो. घासणे बंद. जर्मनीतल्या आणि जपानमधल्या शौकिनांनी ही कला वाढवली. तिथे तर केवळ दिसण्याच्या हौसेपायीही हे करतात. चित्रांतून आणि चित्रफितींतून ती आपल्याकडे आली.

ती माझ्या घरापर्यंत पोचली ती माझ्या भाच्याच्या रूपाने. चिरंजीव नोकरीला लागून दोन वर्षे झाली आहेत. मोटार वडिलांची, हौस त्याची. कुणा मित्राकडून त्याने आठ इंच रुंदीची चार चाके टायरांसकट स्वस्तात मिळवली. बसवली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गतिरोधकावर खर्रर्र! टायरच्या एका दुकानात त्याला वरची तोड सुचवण्यात आली. वडिलांनी नकार दिला, तेव्हा शिष्टाईसाठी स्वारी माझ्याकडे आली. बरोबर माझी बहीणही होती.

"मामा, एकदम सोपं आहे," भाचा म्हणाला. "चाकं तीच ठेवायची. टायर फक्त एकशे पासष्टचे घालायचे. घासायचा प्रश्नच मिटला."

"दादा, यात काही धोका नाही ना?" बहिणीने विचारले. "भाऊबीज झाली की आम्ही पाचही जणं चिपळूणला निघालोय. कुंभार्लीचा घाट आहे. सासूबाईंना घेऊन जायचंय."

मी मराठीचा मास्तर. मोटारीच्या यंत्राशी माझा संबंध पेट्रोलचे पैसे मोजण्यापुरता. पण अक्षरे आणि आकडे वाचून त्यांचा अर्थ लावणे हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा आहे; आणि टायरइतका बोलका शिलालेख दुसरा नसेल. "जुन्या टायरवर काय लिहिलंय ते वाच बघू," असे मी म्हणालो. त्याने खाली जाऊन मूळ टायर पाहिला आणि कागदावर उतरवून आणले: १८५/६५ आर १५ ८८ एच.

वाचकहो, आपल्या मोटारीच्या टायरवरही अशीच ओळ असेल. ती वाचायला शिकणे कठीण नाही. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ६५, अर्थात १२० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल: आतले धागे या काठापासून त्या काठापर्यंत आडवे गेलेले, फ्रान्समधल्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली पेटंट घेतले ते हे. १५ म्हणजे चाकाचा व्यास, इंचांत. ८८ हा वजनाचा आकडा. पण तो किलोचा नव्हे, कोष्टकाचा. कोष्टकात ८८ समोर ५६० किलो आहेत: पुरेशी हवा असताना एका टायरने उचलायचे जास्तीत जास्त वजन. आणि शेवटचा 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. आपल्या रस्त्यांवर तिच्या जवळपासही कुणी जाऊ नये.

ज्यांना जुन्या मोटारी आठवतात त्यांना हे नवे वाटेल. प्रीमियर पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४ आणि अँबॅसडरच्या टायरवर ५.९०-१५ एवढेच आकडे असत: रुंदी आणि व्यास, दोन्ही इंचांत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईतली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या आकड्यांबरोबर एक काळही गेला. त्या काळी चाकाला पर्याय नव्हता, म्हणून चुकायलाही वाव नव्हता.

चाकावरही असाच लेख असतो. भाच्याच्या नव्या चाकावर '८ जे × १५ ईटी ३०' असे होते. म्हणजे रुंदी ८ इंच, व्यास १५ इंच. 'जे' हा काठाच्या आकाराचा संकेत. 'ईटी' ही अक्षरे एका लांबलचक जर्मन शब्दाची; चाकाची मध्यरेषा आणि चाक जिथे नटांनी जोडले जाते ती बैठक, यांच्यातले अंतर ती सांगतात. हा आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर. मूळचे चाक साडेपाच इंची, ईटी ४५. आता हिशेब करा. साडेपाच इंचांचा निम्मा ७० मिलिमीटर. त्यातून ४५ वजा जाता बैठकीच्या बाहेर २५ मिलिमीटर. आठ इंचांचा निम्मा १०२. त्यातून ३० वजा जाता ७२. म्हणजे नव्या चाकाची कड ४७ मिलिमीटरने, जवळजवळ दोन इंचांनी, बाहेर गेली. ती घासणार नाही तर काय करील! गोम टायरमध्ये नव्हतीच. ती चाकात होती.

एवढे झाल्यावर भाच्याने एक मुद्दा काढला आणि मी मनातून खूश झालो. लहानपणी धावेची गोष्ट त्याने माझ्याकडूनच ऐकली होती. "पण मामा, लोहार धाव लहानच करायचा ना? लहान धाव मोठ्या चाकावर बसवली की चाक घट्ट होतं. मग लहान टायर मोठ्या चाकावर ताणला तर काय बिघडलं?"

प्रश्न बिनतोड होता, निदान ऐकायला. पण दृष्टान्त आणि वस्तू यांत जो फरक असतो तो इथेच आडवा येतो. एक तर लोहार धाव लहान करी ती घेराने. रुंदीने ती चाकाच्या लाकडाला पुरेल अशीच असे. दुसरे, आणि मुख्य: धाव स्वतः लोखंडाची. गाडीचे ओझे ती स्वतःच्या अंगावर घेते. टायरचे तसे नाही. टायर म्हणजे एक पिशवी आहे. ओझे उचलते ती तिच्या आतली हवा. रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि जॉन डनलॉपने बेलफास्टमध्ये १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा नव्याने शोधला. या दोघांच्या युक्तीचे सार एवढेच, की लोखंड किंवा भरीव रबर यांच्याऐवजी कोंडलेल्या हवेवर गाडी तोलायची. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३३ पौंड हवा भरतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन-अडीच किलो. एका चाकावर ३०० किलो भार आला, तर जमिनीला टेकणारी जागा सुमारे १३० चौरस सेंटिमीटर निघते. डाकेच्या पोस्टकार्डाएवढी! चार पोस्टकार्डांवर आपले सारे कुटुंब घाट उतरत असते.

ही हवा कोंडून कोण ठेवते? आजच्या बहुतेक मोटारींच्या टायरांत आत ट्यूब नसते. टायरच्या दोन्ही काठांत पोलादी तारांची कडी असतात. आतली हवा त्या काठांना चाकाच्या उभ्या कडेवर बाहेरच्या बाजूने दाबून धरते, आणि त्या दाबानेच फट बंद होते. टायर चाकाच्या मापाचा असला, की भिंत उभी राहते आणि काठ आपल्या बैठकीवर सपाट बसतो. अरुंद टायर ताणून बसवला, की भिंत कलते आणि काठाला सतत आतल्या बाजूला ओढत राहते. हवा बाहेर रेटते, रबर आत ओढते, रस्सीखेच चालू. हवेचा दाब पुरेसा असतो तोवर हवा जिंकते. पण एखादा बारीक खिळा लागून दोन दिवसांत हवा हळूहळू उतरली, किंवा वळणावर चाकाला आडवा झटका बसला, की काठ जागा सोडू शकतो. आणि ट्यूब नसलेल्या टायरचा काठ सुटला म्हणजे सारी हवा एका क्षणात मोकळी. साध्या टायरलाही हे होऊ शकते. पण तिथे काठ सुटण्याआधी बरीच गय मिळते. ताणलेल्या टायरने ती गय आधीच खर्चून टाकलेली असते.

असे टायर चढवताना काय करावे लागते तेही भाच्यानेच मला एका चित्रफितीत दाखवले. टायर इतका अरुंद की त्याचे काठ चाकाच्या कडांपर्यंत पोचतच नाहीत. हवा भरावी तर सगळी फटीतून निघून जाते. मग काही बहाद्दर आत ज्वालाग्राही फवारा मारतात आणि काडी लावतात! धडाड्दिशी स्फोट होतो आणि काठ जागेवर आदळतात. माझी बहीण हे पाहून म्हणाली, "अरे, जे बसवायला सुतळी बॉम्ब लागतो, ते बसायला तयार नाहीये एवढं तुला कळत नाही का?" मी चार पाने लिहून जे सांगितले असते ते तिने एका वाक्यात सांगितले.

पण भाच्याला पटले ते या कशाने नाही. पटले ते बेरजेने. दुकानात सुचवलेल्या टायरचा लेख होता १६५/५० आर १५ ७३. कोष्टकात ७३ समोर ३६५ किलो. मूळचे चार टायर मिळून २,२४० किलो उचलू शकत होते. नवे चार मिळून १,४६०. आता मोटारीचे वजन धरा ९५० किलो. आत पाच माणसे, सरासरी ७० किलोंची: ३५०. सामान, कोकणातून येताना नारळ धरून, ५०. एकूण १,३५०. कागदावर भागले. पण वजन चारही चाकांवर सारखे कधीच वाटले जात नाही. इंजिन पुढे असते. घाट उतरताना ब्रेक लावला की भार पुढच्या दोन चाकांवर लोटतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूच्या चाकांवर कलतो. मूळच्या टायरांत या सगळ्यासाठी ठेवलेली शिल्लक नव्या टायरांत जवळजवळ संपली होती. गृहस्थाने महिन्याचा पगार महिन्याच्या खर्चाला काटेकोर पुरवावा आणि घरात कुणी आजारी पडणारच नाही असे धरून चालावे, तसे.

शिवाय या टायरची उंचीही कमी. मूळच्या चाकाचा टायरसकट व्यास ६२१ मिलिमीटर, नव्याचा ५४६. गाडी सदतीस मिलिमीटर खाली बसणार. आपल्याकडचे गतिरोधक पाहता ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. वेगाचा काटा १०० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८८ ने चालली असेल. आणि मोठा खड्डा आला, तर एरवी टायरचे पोट चाकाच्या कडेला सांभाळून घेते. इथे टायर आत आणि कड बाहेर, तेव्हा पहिला मार कडेला.

"आणि स्टेपनीचं काय?" मी शेवटचे विचारले. स्टेपनी हा शब्दही गमतीचा आहे. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ सालच्या सुमारास जादा चाक विकणारी एक कंपनी निघाली; तिच्या चाकाचे नाव आपल्याकडे असे रुजले की आज पंक्चरवाला आणि प्राध्यापक दोघेही तोच शब्द वापरतात. भाच्याच्या डिकीतली स्टेपनी अर्थात मूळ मापाची. वाटेत एक चाक बसले, तर एका बाजूला ५४६ आणि दुसऱ्या बाजूला ६२१ मिलिमीटर: गाडी घाटात एक पाय आखूड झालेल्या माणसासारखी चालणार. भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे दुकानात कुणी बोललं नाही."

बोलले नसतील. दुकानदाराला प्रश्न विचारला होता तो 'घासणे कसे थांबेल?' एवढाच. त्याने त्या प्रश्नाचे उत्तर दिले. 'माझी गाडी नीट कशी चालेल?' हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. प्रश्न चुकला की बरोबर उत्तरही माणसाला खड्ड्यात नेते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना हा अनुभव मला दरवर्षी येतो.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर मास्तर नव्या पिढीच्या हौसेवर उगाच उठला, असे व्हायचे. रुंद चाकावर थोडा अरुंद टायर, यात मुळातच पाप आहे असे नाही. प्रत्येक मापाच्या टायरला किती रुंदीचे चाक चालते याची मर्यादा ठरलेली असते. १८५/६५ आर १५ ला पाच ते साडेसहा इंच. १९५/६० आर १५ ला साडेपाच ते सात. या मर्यादेत चाक थोडे रुंद घेतले तर भिंत अधिक ताठ राहते आणि वळणावर गाडी चलाख वाटते, हेही खरे. समजा, एखाद्याच्या मोटारीला सात इंची चाके आहेत, त्यांवर २०५/६० चे टायर आहेत, आणि ते जरासे घासतात. त्याने १९५/६० घेतले तर दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर आणि वर सहा मिलिमीटर जागा मिळते, वजनाचा आकडा ९१ वरून ८८ वर, म्हणजे थोडासाच उतरतो, आणि टायरही मर्यादेतच राहतो. हा टायर अरुंद करण्याचा शहाणपणाचा मार्ग. भाच्याची आठ इंची चाके आणि १६५ चा टायर हा मार्ग नव्हे, कडेलोट. आठ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर. टायर पोशाखापेक्षा आखूड नव्हे, अंगापेक्षाच आखूड! अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण ऐकले होते. इथे खाट मोठी घेऊन अंथरूण फाटेस्तोवर ओढायचे होते.

तेव्हा कुणाची गाडी घासत असेल, तर आधी एवढे करावे. घासते कुठे ते पाहावे. माझ्या धंद्यातली एक वस्तू इथे कामी येते: खडू. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि टायरच्या खांद्याला खडू फासून, माणसे बसवून, गाडी एका गतिरोधकावरून हळू न्यावी आणि एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहावे. खडू जिथे पुसला जाईल तिथे दुखणे. मागच्या बाजूला, माणसे बसल्यावरच घासत असेल, तर जुनी स्प्रिंग दबली असण्याचा संभव; मग नवी स्प्रिंग हा उपाय, टायर नव्हे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या बाजूला घासत असेल, तर चाकाची रुंदी किंवा तो 'ईटी'चा आकडा चुकलेला. बाहेरच्या कडेला किंचित लागत असेल, तर जाणकार कारागीर मडगार्डची आतली कड दुमडून देतो. आणि चाकच भलते असेल, तर ते चाक बदलावे. मूळच्या मापाचा कागद बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. चाकापासून हवेपर्यंत कोणताही बदल त्याच्याशी ताडून पाहावा. कायदाही आहेच: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफाराला आळा घालते. पण कायद्याचा धाक दाखवून तरुण पोरे शहाणी होतात, असा निदान आम्हा मास्तरांचा अनुभव नाही. बेरीज दाखवली तर कधी कधी होतात.

भाच्याची मंडळी चिपळूणला मूळच्या चाकांवरच जाणार आहेत. आठ इंची चाके सध्या बहिणीच्या गॅलरीत आहेत आणि त्यांतल्या एकावर तिने तुळशीची कुंडी ठेवली आहे. भाचा म्हणतो, कुंडी छान दिसते. पण त्याच्या मनातून चाके पुरती उतरलेली नाहीत. साडेसहा इंची मिळतात का ते तो पाहतो आहे. पाहू दे. तेवढी हौस टायरला मानवते.

मला या प्रकरणात भीती वाटली ती चाकाची नाही, त्या 'सोप्या' तोडीची. खर्रर्र हा आवाज त्रासाचा खरा; पण तो गाडीचा शब्द होता. 'माझे माप चुकले आहे' असे ती प्रत्येक गतिरोधकावर ओरडून सांगत होती. ताणलेल्या टायरने माप सुधारले नसते. फक्त ओरडणे थांबले असते. घासणारी मोटार चिडचिड करते, पण सावध ठेवते. ताणलेला टायर मुकाट्याने चालतो, आणि बोलतो तो एकदाच, भलत्या वेळी. घरात कण्हणाऱ्या माणसाला नुसती झोपेची गोळी देऊन आपण 'बरे वाटतेय ना?' असे विचारत नाही. आधी दुखते कुठे ते पाहतो. चार चाकांनाही तेवढी माया मिळायला हरकत नाही.

तेव्हा मंडळी, गावी निघण्याआधी चकल्यांचा डबा डिकीत ठेवायला खाली उतराल, तेव्हा दोन मिनिटे गुडघ्यावर बसून टायरवरची ओळ वाचा. चारही टायरांवरची ओळ सारखी आहे का, दारावरच्या कागदाशी जुळते का, आणि शेजारच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन कोणते साल सांगतात, ते पाहा. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन टायर जन्मल्या सालाचे असतात. हवा थंड टायरमध्ये भरून घ्या, स्टेपनीलाही विसरू नका. एवढे वाचन केलेत की प्रवासात हा अंक वाचायला आपण मोकळे. अर्थात, गाडी दुसरे कुणी चालवीत असेल तर!